पाळीवर एकटी

दि. ९ जून

ती. दादास,
छोटीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र सामानाच्या ट्रकबरोबर खाली आलं. पाकिटाचा कोपरा ग्रीसने माखलेला होता, त्यामुळे फोडायच्या आधीच कळलं की तुझंच आहे. बोगद्यात फोन लागत नाही हे एका परीने बरंच आहे. आज मी जे सांगणार आहे ते फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच फोन ठेवला असतास. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचावंच लागतं.

ठकीने कामाची वाट निवडली आहे. आमच्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांना आता दोन वाटा आहेत, हे तुला मागे सांगितलं होतं. एक नेहमीची, पुस्तकांची. दुसरीत आठवड्यातले तीन दिवस वर्ग आणि दोन दिवस खऱ्याखुऱ्या कामाच्या जागी. कुणी गॅरेजमध्ये जातं, कुणी छापखान्यात, कुणी विजेच्या दुरुस्तीला. पास झालं की प्रमाणपत्र मिळतं आणि बहुतेकांना तिथेच नोकरी लागते. हे सगळं माझ्या गळ्यात आहे. जागा शोधायच्या, त्यांच्याशी करार करायचा आणि मुलं काय करताहेत ते मधूनमधून जाऊन बघायचं.

तुझ्या लेकीने निवडला आहे वृद्धाश्रम. मी तिला संगणकाचं सुचवलं, छापखान्याचं सुचवलं. ती म्हणाली की यंत्रांशी बोलणारं घरात एक माणूस आहे, तेवढं पुरे. हे तुझ्याबद्दल होतं, हे तुला वेगळं सांगायला नको. वहिनी गेल्यापासून ती माझ्याजवळ वाढली, पण हट्ट मात्र तुझा घेऊन वाढली. त्याला माझा इलाज नाही.

रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, तिला काही लिहू नकोस. पाठीला पट्टा बांधतोस ना? माया आहेच, ती तिथल्या धुळीत हरवू देऊ नकोस.

तुझी,
छोटी

दि. २८ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं.

मी बावीस वर्षं डोंगर फोडतोय. का फोडतोय ते तुला ठाऊक आहे. माझ्या मुलीने खुर्चीत बसावं, तिच्या टेबलावर तिच्या नावाची पाटी असावी, एवढीच माझी इच्छा होती. आणि तू तिला लोकांची अंथरुणं बदलायला पाठवलंस. मास्तरीण झालीस तेव्हा आईने गावभर सांगत फिरून लोकांना वैताग आणला होता. तशी वैताग आणायची संधी मला कधी मिळणार?

पण तिने ठरवलंय म्हणतेस, तर आता माझं कोण ऐकतंय. एक विचारतो. तिथे तिच्याबरोबर मोठं माणूस असतं ना? की कामाला हात मिळाले म्हणून जुंपून ठेवतात? आमच्याकडे दर वर्षी अशी शिकाऊ पोरं येतात. पहिले आठ दिवस त्यांना सगळं दाखवतात. नवव्या दिवसापासून जे काम दुसऱ्या कुणाला नको असतं ते त्यांच्याकडे येतं, कारण ती नाही म्हणत नाहीत.

पट्टा बांधतो. तुझा गुडघा कसा आहे ते तू कधीच लिहीत नाहीस. लिहीत जा.

दादा

दि. १७ ऑगस्ट

ती. बाबांस,
ठकीचा सा. न. वि. वि.

तुमचा राग निवळला असं आत्या म्हणते. निवळला नसेल तर हे पत्र निवळल्यावर वाचा.

माझा आश्रम कसा आहे ते सांगते. दोन मजल्यांची लांबोडकी इमारत आहे. मला वरचा मजला दिलाय. मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, एकेका खोलीत चार खाटा. फरशी इतकी गुळगुळीत की पहिल्या दिवशी मीच घसरले आणि एका आजींनी मला हात दिला. पहिल्या महिन्यात मी फक्त खाटा आवरायला आणि कूस बदलायला शिकले. माणूस एकाच अंगावर पडून राहिलं की कातडी सोलवटते, म्हणून ठरलेल्या वेळेला वळवावं लागतं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि आधी सांगायचं की आता मी तुम्हाला वळवणार आहे. सांगितलं नाही तर माणूस घाबरतं. हे सगळं मला मजल्यावरच्या सिस्टरने शिकवलं. ती कमी बोलते, पण माझ्या चुका इतरांसमोर कधी काढत नाही.

माझे आवडते म्हणजे कंडक्टर आजोबा. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडली. झटका येऊन एक बाजू गेली, बोलणं अडखळतं, पण मी खोलीत शिरले की विचारतात, कुठे उतरणार? मी रोज वेगळं ठिकाण सांगते. परवा म्हटलं, चंद्रावर. ते बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले की तिकडे गाडी जात नाही, मधल्या थांब्यावर बदलावी लागेल. त्यांना साधं पाणी चालत नाही. गिळायची ताकद कमी झाली की पातळ पदार्थ चुकीच्या नळीत, छातीत उतरतो. म्हणून पाण्यात, सूपमध्ये एक पावडर घालून ते दाट करतात. शिकाऊ मुलांनी अशा माणसांना भरवायचं नाही, असा नियमच आहे. मी फक्त शेजारी बसते.

आमच्या शाळेच्या दहाबारा जणी इथे आहेत. खालच्या मजल्यावर शिंप्याची मुलगी आहे, वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसते ती. दुपारी आम्ही जिन्यात डबा खातो.

तुमच्या खडक फोडणाऱ्या मशीनला माझा नमस्कार सांगा. तिच्यावर जेवढं लक्ष ठेवता तेवढं स्वतःवर ठेवा.

तुमची,
ठकी

दि. ६ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. चंद्रावरची गाडी सगळ्यांना आवडली. आमचा स्वयंपाकी दोन दिवस मला विचारत होता, कुठे उतरणार.

काम चांगलं करतेस हे पत्रावरूनच दिसतं. आता माझं एक ऐक. चांगलं काम करणाऱ्या नव्या माणसाला दुप्पट काम देतात. त्याला वाटतं आपला मान वाढला. मान वगैरे काही नसतं, त्यांना माणूस कमी पडत असतं. नियमाबाहेरचं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हण. तोंडावर म्हणता येत नसेल तर आत्याला येऊन सांग. तुला बोलता येतं. मला कधी जमलं नाही, तू शीक.

आत्याच्या गुडघ्याला शेक दे. ती सांगणार नाही, तूच दे.

बाबा

दि. ३ नोव्हेंबर

ती. बाबांस,
ठकीचा सा. न. वि. वि.

एवढ्यात लिहायला जमलं नाही. आश्रमातल्या दोन मदतनीस बायका सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. त्यामुळे आम्ही शिकाऊ मुलीच बरंच बघतो. शनिवारीही जाते. पाळीचे प्रमुख म्हणाले, तू आता आमच्यातलीच झालीस. तुमचं पत्र आठवलं आणि हसू आलं. तुम्ही म्हणाल, बघ, सांगितलं होतं. पण बाबा, एखाद्या आजींनी हात धरून ठेवला असताना, मी शिकाऊ आहे, मला परवानगी नाही, असं कसं सांगायचं? सिस्टर एकटी दोन्ही टोकांना धावत असते. मी बसून राहिले तर मलाच लाज वाटते.

आत्या पाहणीला आली होती तेव्हा सगळं छान होतं. त्या दिवशी खालच्या मजल्यावरून दोन बायका वर आणून उभ्या केल्या होत्या. मी आत्याला काही बोलले नाही. उगाच आश्रमाशी तिचं वाजायला नको.

तुम्ही काळजी करू नका. तुमच्या माघारी आम्ही दोघी एकमेकींना नीट सांभाळतो आहोत, एवढा विश्वास ठेवा.

तुमची,
ठकी

दि. २४ नोव्हेंबर

ती. दादास,
छोटीचा सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. ठकी ठीक आहे, हे आधी सांगते.

मागच्या शनिवारी दुपारच्या जेवणाला वरच्या मजल्यावर ती आणि सिस्टर, एवढीच माणसं होती. बोळाच्या टोकाच्या खोलीत एक आजी पडल्या, सिस्टर तिकडे गेली. पाळीच्या प्रमुखांनी जेवणाची ताटं ठकीच्या हातात दिली आणि भरवायला सांगितलं. तिने त्या कंडक्टर आजोबांचं सूप नियमाप्रमाणे दाट केलं, त्यांना ताठ बसवलं, अर्धं भरवलंही. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना उठायचं होतं, नाहीतर अंथरुणातच झालं असतं. ती त्यांना उठवायला वळली. शेजारच्यांचा पाण्याचा पेला मधल्या टेबलावर होता. कंडक्टर आजोबांनी चांगला हात लांबवून तो उचलला आणि प्यायले.

तिने त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थोपटलं, घंटा दाबली. कुणी आलं नाही. शेवटी ती बोळात ओरडत धावली. दवाखान्यात नेलं, पण पाणी छातीत गेलं होतं, त्यातून ताप भरला. काल ते गेले.

ठकी बोलत नाही. सांगितलं की जेवते, सांगितलं की निजते. मघाशी बघितलं तर न्हाणीघरात उभं राहून हात धूत होती, बराच वेळ.

आता पुढचं. आश्रमाच्या व्यवस्थापकांनी मला आणि आमच्या मुख्याध्यापकांना बोलावलं होतं. फार गोड बोलतात. त्यांनी एक निवेदन तयार करून ठेवलंय. विद्यार्थिनीने कुणी सांगितलेलं नसताना, सूचना मोडून, आपल्या मनाने रुग्णाला भरवलं, असं त्यात आहे. त्यावर मी शाळेतर्फे सही करायची आणि ठकीनेही करायची. केली तर प्रकरण तिथेच मिटेल, तिचं नाव बाहेर जाणार नाही, बाकीच्या मुली तिथे शिकत राहतील. नाही केली तर ते आमचा करार मोडणार. मुख्याध्यापक वाटेत मला म्हणाले की बाकीच्या मुलींचाही विचार करा. मी विचार करत नाही असं त्यांना वाटतं की काय, कोण जाणे. त्यांतल्या निम्म्या मुलींच्या घरी नोकरी धरून सगळे हिशेब मांडून बसलेत.

दादा, मला सुचत नाही. तू तिचा बाप आहेस. तू सांगशील ते मी करेन. ट्रक लगेच वर जाणार आहे, म्हणून इथेच थांबते. उत्तर परतीच्या ट्रकनेच पाठव.

तुझी,
छोटी

दि. २७ नोव्हेंबर

छोटी,

सही कर. तिलाही करायला सांग.

मला माहीत आहे की ते खोटं आहे. पण आपण कोण आहोत? त्यांच्याकडे वकील असतील, कागद असतील. आपल्याकडे एक सतरा वर्षांची पोर आहे. उद्या पोलिसांपर्यंत गेलं तर तिला कोण विचारणार आहे की पेला कुणाचा होता. इथे छत कोसळून माणसं गेली तेव्हाही मी बघितलंय. ज्याने बोलायचं धाडस केलं तोच शेवटी दोषी ठरला.

तिला तिथून काढ. शाळा बदल, वाट बदल, काय वाटेल ते कर. फक्त हे मिटव.

रजा मागितली होती, मिळाली नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरव, माझा म्हणून.

दादा

दि. १ डिसेंबर

ती. बाबांस,
ठकीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्याने मला वाचायला दिलं. ते यायच्या आधीच मी एक गोष्ट करून बसले होते, म्हणून तुमचं ऐकता आलं नाही. तुमचं मन मोडायचं नव्हतं.

कंडक्टर आजोबांची मुलगी दर रविवारी आश्रमात यायची. त्या एका दुकानात शिवणयंत्रं विकतात. त्यांचं घर मला माहीत होतं, कारण एकदा आजोबांचे कपडे पोचवायला मीच गेले होते. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिथे गेले. आत्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती माझ्याबरोबर आली असती, आणि मग मी तिच्या मागे उभी राहिले असते.

त्यांनी दार उघडलं. आश्रमाने त्यांना सांगितलं होतं की एका मुलीने आगाऊपणा केला. ती मुलगी मीच, असं मी म्हणाले. त्यांनी आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मजल्यावर कोण होतं, ताटं कुणी दिली, पेला कुठे होता. आणि मी वळले होते, हेही सांगितलं. शेजारच्या आजोबांना धरताना माझी पाठ कंडक्टर आजोबांकडे होती. ताटं घ्यायला नाही म्हणायला हवं होतं, तेही सांगितलं.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, ते घाबरले होते का? बाबा, मी हो म्हणाले. खोटं सांगावं असं फार वाटलं, पण तोंडातून हो निघालं. मग त्यांनी विचारलं की त्याआधी ते काय बोलत होते. मी म्हटलं, सूप गार झालंय अशी तक्रार करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं त्या हसतील, पण त्या रडल्या. मग म्हणाल्या की तू सांगितलंस ते बरं केलंस, पण पुन्हा येऊ नकोस, मला तुझं तोंड बघवत नाही. आणि दार लावलं.

त्यांचं बरोबर आहे. मला राग आला नाही.

घरी येऊन आत्याला सांगितलं. तिने उठून चहा केला आणि म्हणाली, आता सहीचा प्रश्नच उरला नाही. सोमवारी तिने व्यवस्थापकांना तसं कळवलं.

तुम्ही माझ्यावर रागावलात तर मला कळेल. पण पत्र लिहायचं थांबवू नका.

ठकी

दि. ३० जानेवारी

ती. दादास,
छोटीचा सा. न. वि. वि.

तू दोन महिने लिहिलं नाहीस. ठकी ट्रकच्या दिवशी उगाच दारात जाऊन येते, नंतर काही झालंच नाही असं दाखवते.

आजोबांच्या मुलीने सरकारी कार्यालयात तक्रार केली. एक तपासणी अधिकारी बाई आल्या. माणूस वाईट नाही, पण त्यांच्यासमोर जेवढं बोललं जाईल तेवढंच त्या लिहिणार. पाळीचे प्रमुख म्हणाले, मी ताटं दिलीच नाहीत. बाकीच्या मुलींना एकेक करून आत बोलावलं. सगळ्यांनी सांगितलं की आम्हाला कधीच एकटं ठेवलं नाही, आम्ही कुणाला कधी भरवलं नाही. शिंप्याच्या मुलीनेही तेच सांगितलं. आणि सिस्टर म्हणाली की त्या दुपारचं तिला नीट आठवत नाही. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. ही नोकरी गेली तर ते घर कसं चालेल हे मला दिसतं, म्हणून मी तिला दोष देऊ शकत नाही. ठकीही देत नाही. पण सिस्टर खाली मान घालून बाहेर आली तेव्हा ठकी बाकावरून उठून उभी राहिली, नेहमी राहायची तशी. सिस्टर तिच्याकडे न बघता निघून गेली. त्या रात्री ठकी पहिल्यांदा रडली.

अहवालात लिहिलंय की विद्यार्थिनीने सूचनांचा भंग केल्याचे दिसते. आश्रमाला दोन माणसं वाढवायला सांगितलं आहे. आश्रमाने आमचा करार मोडला. सगळ्या मुलींना परत यावं लागलं, त्यांचे कामाचे दिवस अपुरे, म्हणून प्रमाणपत्र कुणालाच नाही. पालकांची सभा झाली. एका आईने मला सगळ्यांदेखत विचारलं की स्वतःच्या भाचीसाठी आमच्या मुलींचा बळी का दिला. मुलींना तिथे मीच पाठवलं होतं. शुश्रूषेचा अभ्यासक्रम बंद झाला आणि माझ्याकडचं कामही काढून घेतलं. आता पाचवीला भूगोल शिकवते. पोरं गोड आहेत.

ठकीने शाळा सोडली. मी खूप सांगितलं. ती म्हणते की वर्गात बसलं की पाठीवर सगळ्यांचे डोळे जाणवतात.

दोन ओळी का होईना, तिला लिही.

तुझी,
छोटी

दि. ११ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

मी कागद घेऊन बसायचो आणि उठायचो. म्हणून उशीर झाला. रागावलो नव्हतो.

मी सही कर म्हणालो होतो. तू केली नाहीस. यावर मला जास्त लिहिता येत नाही. एवढंच लिहितो की परवा आमच्या पाळीला एका नव्या पोराला एकट्याला पुढच्या तोंडाशी, जिथे ताजा खडक फोडतात तिथे, पाठवत होते. मी मशीन बंद केली आणि म्हणालो, मोठं माणूस बरोबर आल्याशिवाय चालू करणार नाही. साहेब खूप बोलले. आता मला मशीनवरून काढून माती उपसायच्या पाळीला घातलंय. पाठ दुखते. पण झोप लागते.

आत्याला म्हणावं, भूगोल चांगला विषय आहे. मी कुठल्या डोंगरात आहे ते तरी पोरांना दाखव.

जेवत जा.

बाबा

दि. १९ मे

ती. बाबांस,
ठकीचा सा. न. वि. वि.

मला काम लागलं आहे. एका मोठ्या धुलाई केंद्रात. दवाखान्यांच्या चादरी येतात, त्या धुऊन, दाबून, घड्या घालून परत जातात. गरम रुळांतून चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची आणि घडी घालायची. खूप उकडतं. आवाजामुळे बोलता येत नाही, ते मला सोयीचं आहे.

माझ्या समोरचं टोक धरायला कुणाला आणून उभं केलं असेल? शिंप्याच्या मुलीला. अभ्यासक्रम बंद झाल्यावर तिलाही दुसरीकडे कुठे काम मिळालं नाही. पहिले काही आठवडे आम्ही बोललो नाही. दिवसभर एकच चादर दोघींच्या हातात असायची, पण ती माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघायची. मला वाटायचं, तिची नोकरी माझ्यामुळे गेली, तिने का बोलावं.

मागच्या आठवड्यात मशीन बिघडलं. आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसलो. ती एकदम म्हणाली की त्याच शनिवारी खालच्या मजल्यावर ती पण एकटीच होती. तिलाही ताटं दिली होती. तिने एका आजींना भरवलं, आणि पावडर घालायची विसरली. तिला ते भांडी आवरताना आठवलं. आजींना काही झालं नाही, साधा ठसकासुद्धा लागला नाही. संध्याकाळी ती घरी जाऊन जेवली, आणि रविवारी तिला माझं कळलं. बाबा, ती म्हणाली, तू सगळं नीट केलंस आणि तुझे आजोबा गेले. मी चुकले आणि माझ्या आजी अजून आहेत. तेव्हापासून मला तुझ्याकडे बघता येत नाही.

मी तिच्यावर चिडायला हवं होतं. पण एवढे महिने कुणीतरी मला हे सांगायला हवं होतं की माझ्यासारखंच अजून कुणी होतं, ते तिने सांगितलं. मी तिचा हात धरला. तिने विचारलं की आता बोलून काही उपयोग आहे का. मी म्हटलं, मला माहीत नाही, आत्याला विचारू.

आत्याने तिला कसलाही आग्रह केला नाही. उलट, घरच्यांशी बोलून मग ठरव असं सांगितलं. तिचे वडील नको म्हणाले. ती तरी आली. आत्या आम्हा दोघींना घेऊन त्या अधिकारी बाईंकडे गेली. शिंप्याच्या मुलीने सगळं सांगितलं, स्वतःचंसुद्धा. बाईंनी लिहून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या की हे तेव्हा सांगितलं असतंस तर. मग त्यांनाच ते बोलणं बरं वाटलं नसावं, चष्मा पुन्हा लावून त्या लिहू लागल्या.

काल कळलं की अहवालातलं ते वाक्य काढून टाकलं. आता तिथे लिहिलंय की शिकाऊ विद्यार्थिनींना देखरेखीशिवाय कामाला ठेवले जात होते. आश्रम चालूच आहे. पाळीचे प्रमुख दुसरीकडे गेले. अभ्यासक्रम पुन्हा सुरू होणार नाही, प्रमाणपत्रही मिळणार नाही. अधिकारी बाईंनी आजोबांच्या मुलीलाही कळवलं. त्यांच्याकडून काही आलं नाही, आणि येऊ नये असंच मला वाटतं. मी त्यांना तोंड दाखवणार नाही, हे मी मनाशी ठरवलं आहे.

तुम्ही विचाराल की बरं वाटतं का. अंग हलकं झालं, पण तेवढंच. आजोबा काही परत येत नाहीत. सिस्टर एकदा रस्त्यात दिसली, पलीकडच्या बाजूने निघून गेली. मी हाक मारली नाही. शाळा बाहेरून पूर्ण करावी असं आत्या म्हणते. मी नाही म्हटलेलं नाही.

एक गोष्ट अजून जात नाही. कुणाच्याही घशात काही अडकलं की माझे पाय आपोआप उठतात. धुलाई केंद्रात आता सगळ्यांना माहीत झालंय, हसतही नाही कुणी. परवा जेवताना आत्याला ठसका लागला. मी ताट सरकवून उभी राहिले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, श्वास धड घेता येत नव्हता, आणि तशातही ती एक हात वर करून मला खूण करत राहिली की बस, काही नाही, बस. मी तिचा खोकला थांबेपर्यंत तशीच उभी होते. मग आम्ही दोघी जेवलो.

पाठीला पट्टा बांधा. रजा मिळाली की या, आणि नाही मिळाली तर तसं कळवा. मी वाट बघायला शिकले आहे.

तुमची,
ठकी